प्रदक्षिणेची मोटर

दादा, नाक्यावर तुझा फ्लेक्स लागलाय. काळा गॉगल, गळ्यात चेन, मागे निळं आकाश. मंडळाच्या पोरांना तुझा तेवढा एकच फोटो सापडला. वर 'भावपुर्ण श्रद्धांजली', त्यातला पु ऱ्हस्व. खाली ओळीने बारा जणांची तोंडं आणि त्यांच्यावर छापलंय 'शुभेच्छुक'. गेल्या वर्षीच्या तुझ्या वाढदिवसाची फाइल उघडून वरची ओळ तेवढी बदलली, खालची बदलायची राहिली. तू गेल्याबद्दल बारा जणांनी तुला शुभेच्छा दिल्यात. मी तो तसाच राहू दिला. तुला तो फ्लेक्स आवडला असता, गॉगल चांगला आलाय.

दहाव्याला भाषणं झाली. एक म्हणाला, भाऊ म्हणजे देवमाणूस. दुसरा म्हणाला, भाऊंसारखी दूरदृष्टी राई गावात दुसऱ्या कोणाला नव्हती. मला हसू आवरेना, म्हणून मी चपला शोधायचं निमित्त काढून बाहेर आलो. तुझी दूरदृष्टी मी जवळून बघितली आहे. फाटक आतल्या बाजूला उघडतं की बाहेरच्या, हे ठरवायलाही तुला माणूस बोलवावा लागायचा.

आपलं एक भांडण राहिलंय. तुझ्या हौदातले तेरा मासे कोणामुळे मेले, हे. तीन वर्षं आपण ते दर रविवारी उकरून काढलं. तू म्हणायचास मोटर हलकी होती, मी म्हणायचो तुझी अक्कल हलकी होती. त्यात मी एक गोष्ट लपवून ठेवली होती. ती आज लिहायला बसलोय. पण त्याआधी तुला चार शिव्या घालणार आहे, कारण हक्काने शिव्या घालाव्यात असं दुसरं माणूस मला आता उरलेलं नाही.

मुळात तो हौद. राईत जो तो बंगले बांधत सुटला तेव्हा तूही बांधलास, इथवर ठीक. आपल्या खाचरावर पांढरा बंगला उठला, त्याला खांब आले, खांबांना द्राक्षांचे घड आले. द्राक्षं तू आयुष्यात कधी लावली नाहीस. मग तो वास्तुवाला आला, सफारीतला, हातात होकायंत्र. त्याने सांगितलं ईशान्येला वाहतं पाणी हवं आणि पाण्यात रंगीत मासे हवेत. आपल्या बाबांनी जन्मभर खाडीत पाग टाकला. मासा म्हणजे काय हे या घराला बाहेरच्या माणसाने शिकवावं, आणि ते तू मान डोलावत ऐकावंस. मी त्या दिवशी तिथे होतो. तू वहीत लिहून घेत होतास.

मग जपानी मासे आले, चौदा. कोई त्यांचं नाव. गावात सगळे कोयी मासे म्हणायचे, आणि म्हातारी माणसं विचारायची की आंबा कुठाय. वहिनीने पहिल्या दिवशी मला हळूच विचारलं होतं की हे तळले तर कसे लागतील. पण महिन्याभरात तीच त्यांना हाताने भरवायला लागली. ती काठावर बसली की पाण्यातून चौदा तोंडं वर यायची. त्यातल्या पांढऱ्यावर तांबडा ठिपका असलेल्या माशाला ती कुंकू म्हणायची. तू मात्र पाहुणा आला की आधी त्याला मासे दाखवायचास आणि लगेच फिल्टर. माशांपेक्षा फिल्टरचं तुला कौतुक जास्त, कारण तो परदेशातून आलेला.

त्या ड्रम फिल्टरला मी कधी नावं ठेवली नाहीत, मशीन चांगलं होतं. स्टीलची पेटी, पेटीत आडवा ड्रम, ड्रमला बारीक जाळी. हौदाचं पाणी ड्रमच्या आत शिरतं, जाळीतून गाळून बाहेर पडतं, घाण आतल्या बाजूला राहते. घाण साचली की मोटर ड्रमला सावकाश फिरवते, वरून फवारा जाळी धुतो. गाळलेलं पाणी पंप परत हौदात सोडतो. ड्रम फिरायचा थांबला की जाळी तुंबते, पंपाला पाणी मिळत नाही, आणि हौदाचं वाहतं पाणी उभं राहतं. मोटर लहानशी, पण सगळ्यांचा जीव तिच्यावर.

त्या वैशाखात लोडशेडिंगने कहर केला होता. वीज जायची, आणि येताना असा झटका देऊन यायची की माझ्या दुकानात जळक्या मोटरींची रांग लागायची. मोटर वाइंडिंगचा धंदा करणाऱ्या माणसाने लोडशेडिंगला नावं ठेवू नयेत. तुझीही जळली. तू आधी ज्याने फिल्टर विकला त्याला फोन लावलास. तो म्हणाला, नई मोटर बाहर से आएगी सेठ, दो महिना पकडो. सेठ म्हटल्यामुळे तुला त्याचा रागही आला नाही. मग तुला आठवलं की आपला एक भाऊ भाईंदरला मोटरीच दुरुस्त करतो.

मी आलो तेव्हा वहिनी बादली डोक्याएवढी उंच धरून पाणी हौदात ओतत होती, पाण्यात हवा मिसळावी म्हणून. सकाळपासून ती तेच करत होती. मासे वर येऊन तोंडं उघडझाप करत होते. मी मोटर खोलली. वाइंडिंग काळं पडलं होतं. ते मी दोन दिवसांत भरून दिलं असतं, पण गिअरचे दातही साफ गेले होते आणि तसला गिअर इथे मिळणारा नव्हता. हळू फिरणारी, जोरकस, लहान मोटर पाहिजे होती, आणि त्याच दिवशी पाहिजे होती.

मला खारी गावातला गजाभाऊ आठवला. मंडळांचे हलते देखावे करायचा तो. मारुतीचा हात वर जातो, राक्षसाचं तोंड उघडतं, ते सगळं गजाभाऊचं काम. आदल्या वर्षीच्या देखाव्यात विष्णूच्या बोटावर सुदर्शन चक्र फिरवणारी गिअरची मोटर त्याच्याकडे पडून होती. मी रिक्षा केली, मोटर घेऊन आलो, पट्टी कापून बसवली, मोटरचा शाफ्ट ड्रमला धरून ठेवणारं कपलिंग जोडलं, त्याचा नट आवळला. चालू केली. ड्रम फिरला. वहिनीने बादली खाली ठेवली आणि दोन्ही हात जोडले, मोटरला की मला ते मी विचारलं नाही. दुपारी दोनला तुझे मासे वाचले होते, दादा. मी हात धुवायला नळावर गेलो होतो.

तेवढ्यात तू त्या वास्तुवाल्याला घेऊन आलास. त्याने ड्रमकडे बघितलं, मान तिरकी केली आणि बोट हवेत गोल फिरवलं. उलटा फिरतोय म्हणाला. प्रदक्षिणेच्या उलट. ईशान्येचं पाणी उलट्या फेऱ्यात घुसळलं तर घरात आलेलं सगळं उलट्या पावली जातं, जुनी मोटरही अशीच उलटी फिरत होती, म्हणूनच ती जळली. तुझा चेहरा पडला. तुझी शुगर, भाच्याचं मोडलेलं लग्न, पालिकेच्या तिकिटाची हुकलेली संधी, सगळं तुला त्या ड्रममध्ये फिरताना दिसायला लागलं. मोटर सुलटी कर म्हणालास.

मी समजावायला गेलो. कंपनीने दिशा ठरवून दिलेली असते, एवढंच म्हणालो. त्या सफारीवाल्यासमोर, वहिनीसमोर, भिंतीवरून डोकावणाऱ्या शेजाऱ्यासमोर तू मला म्हणालास,

"तू फकस्त जोड. अक्कल लावायला मी हाय."

तुझ्या लक्षातही राहिलं नसेल. माझ्या राहिलं. त्या वाक्याचा प्रत्येक शब्द मी रिक्षात, दुकानात, जेवताना चावत राहिलो. ज्याला फ्यूज बदलता येत नव्हता, तो मला मोटरीची अक्कल शिकवत होता.

आणि खरं तर किती सोपं होतं. आडवा ड्रम. मोटरच्या बाजूने बघितला तर उलटा फिरतो, पलीकडच्या बाजूने बघितला तर तोच ड्रम प्रदक्षिणा घालतो. हौदाला वळसा घालून चार पावलं पलीकडे गेला असतास तर तुझी लक्ष्मी, तुझं तिकीट, सगळं सुलटं झालं असतं. वास्तुवाल्यालाही ते सुचलं नाही. असे दोन शहाणे एका हौदाच्या एकाच काठावर उभे होते. मला सुचलं होतं. 'दादा, पलीकडून बघ,' एवढे तीन शब्द माझ्या तोंडात तयार होते.

मी ते गिळले. कपॅसिटरची वायर इकडची तिकडे केली, मोटर दुसऱ्या दिशेने फिरायला लागली, तू हात जोडलेस आणि मी चहा न घेता निघून गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाचं शटर वर करतोय तोच फोन वाजला. वहिनी होती. लवकर या म्हणाली. मी आलो. गजाभाऊची मोटर इमानदारीने फिरत होती, एकटीच. कपलिंगचा नट सुटून पेटीच्या तळाशी पडला होता आणि ड्रम जागच्या जागी उभा होता. जाळी तुंबलेली, पंप कोरडा, हौदाचं पाणी उभं. तेरा मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते. एकच जिवंत होता, कोपऱ्यात, आणि तो कुंकू नव्हता. तू बनियनवर कठड्यावर बसला होतास. वर बघून म्हणालास, मोटर हलकी निघाली रं.

त्यांना आपण दोघांनी नारळाखाली पुरलं. तू खड्डा खणलास. शुगरमुळे तुला दम लागत होता तरी फावडं माझ्या हातात दिलं नाहीस. मी तिथे उभ्या उभ्या तुझी अक्कल काढली. सफारीवाल्याची काढली, होकायंत्राची काढली, द्राक्षांच्या घडांची काढली. वहिनी घरात गेली आणि तू खणत राहिलास.

दोन महिन्यांनी खरी मोटर आली. मी ती बसवली, कंपनीच्या दिशेने, कोणाला न विचारता. तू फक्त तुझी आरामखुर्ची उचललीस आणि हौदाच्या पलीकडे नेऊन ठेवलीस. मग मी काय सोडतो? पुढे प्रत्येक रविवारी मी त्या खुर्चीवरून तुझी टर उडवली. आता सुचलं का म्हणायचो. उंटावरचा शहाणा म्हणायचो. पाहुणे असले तर आणखी चेव यायचा. तू एकच धरून बसलास की मोटर हलकी होती, देखाव्याच्या मोटरीला कुठून दम येणार. मला चहा द्यायला वहिनीला सांगायचास, साखर वेगळी आण म्हणायचास, आणि माझी तोंडाची टकळी ऐकत बसायचास. मला वाटायचं तुझ्याकडे उत्तर नाही.

तू मूर्ख होतास याचा पुरावा माझ्याकडे त्याच्याही आधीचा आहे. मी दुकान टाकलं, तेव्हाची गोष्ट. पहिले आठ दिवस एक कुत्रं फिरकलं नाही. नवव्या दिवशी तू विहिरीवरच्या पंपाची मोटर सायकलला बांधून राईवरून घेऊन आलास. जळली म्हणालास. मी खोलून बघतो तर वाइंडिंग नवंकोरं, आतली एक तार ब्लेडने कापलेली. कापायची तर निदान आतून जळल्यासारखी करायची. मी हे तुझ्या तोंडावर सांगितलं, मोटर बाहेर फेकली आणि म्हणालो की मला भीक नको. तू मोटर परत सायकलला बांधलीस. जाताना मात्र रस्त्याने दिसेल त्याला सांगत गेलास की माझ्या भावाला मोटर बघताक्षणी कळतं काय झालंय. त्या आठवड्यात तीन मोटरी आल्या. मी तुला त्याबद्दल कधी काही बोललो नाही. आज बोलतो, पण तार कापायची पद्धत चुकीचीच होती.

तर आता ते राहिलेलं.

सायकलच्या डाव्या पेडलचे आटे उलटे का असतात, हे मोटरवाल्याला शिकवावं लागत नाही. एका दिशेने फिरलं की नट आवळत जातो, दुसऱ्या दिशेने सैल होत जातो. त्या दुपारी वायर बदलल्यावर मी कपलिंगवर हात ठेवला, नट अंगठ्याने चाचपला आणि मला कळलं की या दिशेने हा नट संध्याकाळपर्यंत किंवा फार तर पहाटेपर्यंत सुटणार. नट सुटू नये म्हणून त्याच्यावर आवळायचा लॉकनट माझ्या पिशवीत होता. एक मिनिटाचं काम. मी पिशवीचा बंद आवळला. तुला तोंडघशी पडलेलं बघायचं होतं मला. सुटू दे, येईल सकाळी नाक घासत, असं मनात म्हणालो. मासे माझ्या डोक्यात नव्हते. वहिनी दिवसभर बादल्या ओतत होती, तीही नव्हती. माझ्या डोक्यात तू होतास आणि तुझं ते अक्कल लावायचं वाक्य. तेरा माशांना वास्तुवाल्याने मारलं नाही, मोटरीने मारलं नाही. मी मारलं, मूग गिळून.

आणि मग तीन वर्षं मी तुला त्याबद्दल बोल लावले. आधी वाटायचं पुढच्या रविवारी सांगू. मग भांडण इतकं अंगवळणी पडलं की सांगितलं तर बोलायला उरणार काय, असं वाटायला लागलं. तू दवाखान्यात असतानाही मी ते सांगायला म्हणून आलो होतो. तू नळ्या लावलेला, बोलता येत नव्हतं. मी बसलो, नर्सला तिथल्या पंख्याच्या बेअरिंगचा आवाज ऐकवला, आणि निघालो. तुझ्यापुढे आयुष्यभर तोंड चालवलं आणि नेमकं तेव्हा चाललं नाही.

काल रविवार होता. पाय आपोआप राईकडे वळले. वहिनी हौदाच्या काठावर बसून उरलेल्या माशाला खाऊ घालत होती. तो चांगला हातभर झालाय. ड्रमचा आवाज येत होता, बेअरिंग जायला आलंय. मी पेटी उघडली, हात घातला, आणि पाठ तिच्याकडे ठेवूनच सांगून टाकलं. म्हणालो, वहिनी, त्या दिवशी नट सुटणार हे मला ठाऊक होतं. लॉकनट पिशवीत होता.

मला वाटलं ती उठून आत जाईल. मला वाटलं ती कुंकवाचं नाव घेईल. तिने हातातला खाऊ माशाला घालून संपवला. मग पदराला हात पुसत म्हणाली,

"त्यांना ठावं व्हतं, भावजी."

मी वळलो.

"तुमी नट चाचपून हसलात, ते त्यांनी बगितलं व्हतं. सकाली नट तली पडलेला दिसला तवा समजले. मी बोल्ले, भावजींना इचारा. तर मना बोल्ले, तू तोंडावर काय बोलू नको. बोललीस त यायचा बंद व्हईल."

मी हसलो होतो, हेच मला माहीत नव्हतं.

पेटीचं झाकण तसंच उघडं टाकून मी तुझ्या खुर्चीजवळ गेलो, पण बसलो नाही. तीन वर्षांचे रविवार मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. तू मुकाट्याने ऐकत होतास, पाहुण्यांसमोरसुद्धा. मोटर हलकी होती म्हणत होतास, माझ्यावर यायला नको म्हणून. मला तुझा संताप आला, दादा, अजून येतोय. तू मला एकदा, फक्त एकदा, पकडून विचारायला हवं होतंस. कानफटात मारायला हवी होतीस. हा कसला मोठेपणा, की समोरच्याला आपण किती नीच आहोत हे कळूही द्यायचं नाही?

वहिनीने चहा आणला. मी तो पिता पिता स्वतःला विचारत राहिलो, की तू बोलला असतास तर मी खरंच यायचा बंद झालो असतो का. झालो असतो. शरमेने झालो असतो आणि सांगितलं असतं की रागाने झालो. खांब चुकले, द्राक्षं चुकली, ईशान्य चुकली, मोटरीची दिशा चुकली. जन्मभर तुझा एक अंदाज धड निघाला नाही. माझ्याबद्दलचा तेवढा बरोबर निघाला.